१७ पौंडांची खुर्ची, ३४ पौंडांची खुर्ची

नमस्कार ताई,

मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. आमच्या गावचा फुटबॉल क्लब चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालच्या लीगमध्ये खेळतो. (नाव छापू नका, इथे सगळे एकमेकांना ओळखतात.) माझं आणि चौदा वर्षांच्या मुलाचं, दोघांचंही सीझन तिकीट आहे. माझं ३९१ पौंडांचं, त्याचं ११५ चं. घरच्या २३ मॅचेस धरल्या तर मला एक मॅच १७ पौंडांना पडते, त्याला ५ ला.

मागच्या महिन्यात अवे मॅचला, म्हणजे दुसऱ्या क्लबच्या मैदानावर गेलो. माझं तिकीट ३४, त्याचं २४, सपोर्टर्सच्या कोचचे (बसचे) दोघांचे ४८, खाणंपिणं १४. एकूण १२० पौंड. जागा मिळाली खांबामागे. उजवीकडचा गोल मला दिसतच नव्हता, लोक ओरडले की कळायचं. जाळीच्या पलीकडे दहा फुटांवर त्यांचे सीझन तिकीटवाले. त्यांच्या दरपत्रकाप्रमाणे त्यांना ती मॅच १८ ला पडली. तोच स्टँड, तसलीच खुर्ची, तोच पाऊस. सीझन तिकीट माझ्याकडेही आहेच की. मग मला जवळपास दुप्पट का? लीग एकच आहे तर सीझन तिकीटवाल्याला सगळ्या मैदानांवर सवलत नको?

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पुढच्या अवे मॅचवर बहिष्कार टाकायचं चाललंय. गेलो नाही तर लॉयल्टी पॉइंट्स (अवे मॅचच्या हजेरीचे गुण) बुडतात. माझ्या ऑफिसात त्या यजमान क्लबचा एक सीझन तिकीटवाला आहे. तो आणि त्याची मुलगी त्या दिवशी लग्नाला जाणार आहेत. म्हणतो, आमची दोन्ही कार्डं ने, दोन्हींचे मिळून २० पौंड दे. बायको म्हणते, टीव्हीवर बघा. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला मॅच दिसत नाही, हिशेब दिसतो. काय करू? हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे.

— खांबामागचा एक बाप

खांबामागचे बाबा,

तुमच्या पत्रापेक्षा तुमचा हिशेबाचा कागद मी जास्त वेळ वाचला. एकोणीस ओळी, पाच रकाने, तळाशी लाल अक्षरांत १२०. कोचमधल्या चहाचीसुद्धा वेगळी ओळ. मुलगा बोलला त्यात तथ्य आहे, पण मला असली माणसं आवडतात. भांडायचं तर कागद हातात हवा. आता गंमत अशी की ज्या ओळीवरून तुम्ही भांडताय तिथे तुमची बाजू कच्ची आहे, आणि जिथे ती पक्की आहे त्या ओळीकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. तिकडे येते.

आधी १७ आणि ३४ चं बघू.

‘सीझन तिकीट’ हा शब्द मला फुटबॉलच्या आधी मध्य रेल्वेने शिकवला. बावीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी. पास स्वस्त का, तर पैसे आधी मोजलेले. मग मी रजेवर असो, अंथरुणात असो, नाहीतर पावसात गाड्या बंद असोत, रेल्वेचे पैसे रेल्वेकडे. तुमचे ३९१ पौंडही क्लबने उन्हाळ्यातच घेतले, संघ धड आहे का रद्दड हे कळायच्या आत. फेब्रुवारीतल्या मंगळवारी रात्री, ओळीने पाचवी मॅच हरायला तुम्ही आलात काय आणि घरी पांघरुणात बसलात काय, क्लबला फरक पडत नाही. ती जोखीम तुम्ही उचललीत म्हणून १७. जाळीपलीकडच्याने तीच जोखीम त्याच्या क्लबसाठी उचलली, म्हणून त्याला १८. तुम्ही त्याच्या क्लबला असं काय आगाऊ दिलं होतं? डोंबिवलीचा पास दाखवून मी पुण्याच्या गाडीत अर्ध्या भाड्यात बसायला गेले असते तर टीसीने मला कुठे उतरवलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा ‘लीग एक, म्हणून सवलत सगळीकडे’ हे काही मला पटत नाही. लीगने तुमच्याकडून एक पौंडही घेतलेला नाही.

पण रेल्वेची उपमा इथेच सोडते, कारण पुढे ती चालत नाही. माझ्या बसण्याने डेक्कन क्वीनला काही शोभा येत नव्हती. तुमच्या बसण्याने येते. जावयाने मला एकदा अवे एंडला, म्हणजे पाहुण्या प्रेक्षकांच्या भागात नेलं होतं. पाऊस, स्टुअर्डकडून (मैदानावरच्या रखवालदाराकडून) पिशवीची झडती, खायला कोमट मीट-पाय, आणि समोर हजारेक माणसं नव्वद मिनिटं उभी राहून गातायत, संघ दोन गोलांनी मागे असताना. यजमानांचे प्रेक्षक तोंड उघडतात ते बऱ्याचदा पाहुण्यांना उत्तर द्यायला. मे २०२१ मध्ये करोनानंतर प्रीमियर लीगच्या शेवटच्या मॅचेसना थोडे प्रेक्षक परत आले, तेव्हा पाहुण्यांना बंदी होती. ज्यांनी त्या मॅचेस पाहिल्या त्यांना विचारा, जुगलबंदीत एकच गवई बसल्यासारखं होतं. तो आवाज टीव्हीवाल्यांना विकला जातो, आणि तो करणारा माणूस मात्र त्या स्टँडमधला सगळ्यात महाग गिऱ्हाईक.

सगळ्यात महाग का, हे तुमच्याच कागदावर आहे. त्या क्लबचे मॅचच्या वर्गानुसार प्रौढांचे तीन दर तुम्ही उतरवलेत: ए वर्ग ३४, बी २८, सी २४. तुमची मॅच ए. का? तुमचा क्लब काही गुणतक्त्यात वर नाही. तुम्ही लोक भरपूर संख्येने येता म्हणून. आता नियम बघा. तुमची चॅम्पियनशिप चालवणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगचा नियम असा की पाहुण्या प्रेक्षकाकडून, तशाच जागेसाठी, घरच्या प्रेक्षकापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत. ऐकायला चोख. घरच्या माणसाने त्या दिवशी खिडकीवर तिकीट काढलं असतं तर त्यालाही ३४ च पडले असते, म्हणजे नियम पाळला गेला. पण जाळीपलीकडे खिडकीवर तिकीट काढणारे होते किती? बहुतेक सगळे सीझन तिकीटवाले. वर्ग ए असो की सी, त्यांचे पैसे उन्हाळ्यातच ठरले. मॅच ए वर्गात टाकली की तो चढा दर खरोखर मोजतात ते थोडे उशिरा जागे झालेले स्थानिक आणि अख्खा अवे एंड. दर कागदावर दोघांना सारखा आणि पावती एकालाच. तुमचं दुखणं हे आहे, बाबा. १७ आणि ३४ मधला फरक हे नाही. २४ ची मॅच तुमच्यासाठी ३४ ची होते, आणि तुम्ही काही करू शकत नाही, कारण अवे एंडचं तिकीट दुसऱ्या दुकानात मिळत नाही. अडला हरी.

यजमानाला मी चोर म्हणणार नाही, बरं का. चॅम्पियनशिपमध्ये प्रीमियर लीगसारखा टीव्हीचा पैसा नाही, आणि वर जाण्याच्या नादात कित्येक क्लब उत्पन्नापेक्षा जास्त पगारावर उधळतात. पुण्याचे वाचक मला अधूनमधून लिहितात की या इंग्लंडच्या बॉलशी आपला काय संबंध. तर पुण्याच्याच वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये होता, २०१२ मध्ये खाली घसरला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली. वरची लीग सुटली की क्लबचं उत्पन्न किती आटतं ते कोंबडीच्या धंद्यातल्या माणसांनाही कळलं असेल. अशा वेळी दोन हजार पाहुण्यांचे दहा-दहा पौंड जास्तीचे म्हणजे एका दुपारचे वीस हजार. कोण सोडेल?

आणि त्यातला छदामही तुमच्या क्लबला मिळत नाही. पूर्वी लीगच्या मॅचेसमध्ये गेटच्या पैशातला वाटा पाहुण्या क्लबला जायचा. १९८३ पासून ते बंद झालं, गेट सगळं यजमानाचं. (एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत अजून वाटणी होते.) म्हणजे तुमच्या तिकिटाचा दर ठरवणाऱ्याला तुम्ही मत देत नाही, आणि ज्याला तुम्ही दरवर्षी ३९१ पौंड देता त्याचा या दराशी संबंध नाही. दोघांच्या मधल्या फटीत तुम्ही बसलाय, खांबामागे.

वरच्या लीगमध्ये ही फट बुजवली गेली, पण आपोआप नाही. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या लोकांसाठी तिकीट होतं ६२ पौंड. सिटीला सुमारे ३,००० तिकिटं दिली होती, त्यातली ९१२ परत गेली. अवे एंडमधल्या त्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर सगळ्यांनी बघितल्या. चाहत्यांच्या महासंघाने त्याच सुमारास ‘वीस पुरेत’ अशा अर्थाची मोहीम काढली, पाहुण्यांना वीस पौंडांपेक्षा जास्त लावू नका म्हणून. मग ६ फेब्रुवारी २०१६. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध २-० ने पुढे. नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार होतं, म्हणून ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. उरलेल्या वेळात सुंदरलंडने दोन गोल केले, मॅच २-२. काही दिवसांत मालकांनी माफी मागून वाढ मागे घेतली. ते भांडण घरच्या तिकिटांचं होतं, पण धसका सगळ्यांनी घेतला असणार, कारण पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं की अवे तिकीट ३० पौंडांच्या वर नाही. आधी तीन वर्षांपुरतं होतं, २०१९ आणि २०२२ मध्ये मुदत वाढवली. युरोपातल्या फुटबॉलची संघटना युएफा, तिनेही युरोपातल्या मॅचेसना मर्यादा घातली आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये ती ७० युरोंवरून ६० आणि मग ५० वर आणली.

आता तिथे उलटी तक्रार येते. पाहुणा ३० मध्ये बसतो आणि शेजारच्या भागात घरचा माणूस खिडकीवर ६० मोजतो. त्या माणसाचं पत्रही येईल कधीतरी, तेव्हा बघू.

तुमच्या लीगमध्ये मात्र अशी सरसकट मर्यादा नाही. तुमच्यापुढे जो खरा मार्ग आहे तो तुमच्याच क्लबच्या दारातून जातो. दोन क्लब आपसात ठरवू शकतात: तुमची माणसं आमच्याकडे २० त, आमची तुमच्याकडे २० त. दोन्हीकडून सारखीच माणसं जाणार असतील तर कुणाचाच खिसा फाटत नाही, तुमचे दहा त्यांनी सोडले, त्यांचे दहा तुम्ही. असे करार काही क्लबांनी केलेले आहेत. अडचण तुमच्यासारख्या गर्दीवाल्या क्लबांची. तुम्ही दोन हजार जाणार, ते पाचशे येणार, मग ते कशाला कबूल होतील? तिथे तुमच्या क्लबने स्वतःच्या तिजोरीतून अवे तिकिटाला हातभार लावावा, निदान सीझन तिकीटवाल्यांना. ‘आम्ही तुम्हाला उन्हाळ्यात पैसे दिले, आमची निष्ठा तुम्ही जर्सीच्या जाहिरातीत वापरता, तर वर्षातल्या पाच लांबच्या मॅचेसना पाच-पाच पौंड द्या’ ही मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते. सीझन तिकिटाचा हक्क सांगायची जागा तीच, कारण ते तिकीट त्यांनी विकलंय. विचारायचं कुणाला, तर क्लबमध्ये चाहत्यांशी बोलायला नेमलेला अधिकारी असतो, सपोर्टर लिएझन ऑफिसर, त्याला. २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलच्या कारभाराचा कायदा केला, त्यात तिकीटदरांबाबतही क्लबांनी चाहत्यांशी बोलावं असं आहे. तेव्हा तो अधिकारी ‘बघतो’ म्हणाला तर ‘कधी’ असं विचारायची सोय आता झाली आहे.

आता तुमची अकरावी ओळ.

यजमान क्लबच्या घरच्या प्रेक्षकांचे दर तुम्ही उतरवले आहेत. त्याच स्टँडचा दुसरा अर्धा भाग, ए वर्ग: प्रौढ ३४, सोळाच्या आतले १२. आणि तुमच्या मुलाचे तुम्ही मोजले २४. तुमचा सगळा राग स्वतःच्या खुर्चीवर, म्हणून हे निसटलं. मघाशी सांगितलेला नियम अर्ध्यावर थांबत नाही. घरच्या ज्येष्ठांना आणि मुलांना जी सवलत आहे ती पाहुण्यांनाही द्यायची, असं त्यात नावानिशी आहे. १२ आणि २४ हे काही वर्ग-बिर्गाचं गौडबंगाल नाही, ही सरळ चूक दिसते. एक खात्री तेवढी करून घ्या, तो १२ चा दर त्याच मॅचचा आणि कुणालाही मिळणारा होता ना, सभासदांपुरता किंवा लवकर घेणाऱ्यांपुरता नव्हता ना. तसा असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर दरपत्रकाचा स्क्रीनशॉट, मुलाचं तिकीट आणि चार ओळी आपल्या क्लबच्या तिकीट ऑफिसला पाठवा. यजमानाला तुम्ही एकट्याने लिहू नका, क्लबने क्लबशी बोललेलं लवकर पोचतं. त्या दिवशी तुमच्या बाजूला किती पोरं होती? त्या प्रत्येकाच्या घरी १२ पौंड परत गेले पाहिजेत. ग्रुपमध्ये बहिष्काराच्या शंभर मेसेजमध्ये हा एक टाका.

बहिष्काराबद्दल. ९१२ तिकिटं परत गेली तेव्हा ती दिसली. तुमच्या ग्रुपमधले चौदा जण घरी बसले तर यजमानाला वाटेल, कोच बंद पडला असेल. सपोर्टर्स ट्रस्टने, म्हणजे चाहत्यांच्या संघटनेने हाक दिली आणि शेकड्यांनी तिकिटं परत जाणार असतील तर जरूर सामील व्हा, पॉइंट्सची काळजी करू नका. ते कामाला येतात ते डर्बीला (शेजारच्या क्लबशी मॅच असते तेव्हा) आणि कपातल्या एखाद्या मोठ्या मॅचला, जेव्हा तिकिटांपेक्षा मागणारे जास्त असतात. एरवी मंगळवारच्या अवे मॅचला तुम्हाला कोण नाही म्हणतंय? पण चौदा जणांचा बहिष्कार असेल तर मुलाला घेऊन जा. एवढ्याशा निषेधासाठी त्याचा शनिवार जाऊ देऊ नका.

आणि ऑफिसातल्या मित्राची कार्डं अजिबात घेऊ नका. २० पौंडांत दोघं, मोह मला कळतो. पण पहिलं म्हणजे इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे. काळाबाजार करून नफा कमावला तरच, असं नाही. मूळ किमतीत विकलं तरी, नुसतं दुसऱ्याच्या हवाली केलं तरी. गुन्हा विकणाऱ्याचा, म्हणजे तुमच्या भल्या मित्राचा, ज्याचं सीझन तिकीटही रद्द होऊ शकतं. दुसरं, घरच्या भागात पाहुण्या क्लबचा माणूस सापडला तर बाहेर काढतात. तुम्ही म्हणाल, साधं जॅकेट घालू, गप्प बसू. तुम्ही बसाल हो. पण समजा ८८ वं मिनिट आहे, ०-० आहे, आणि तुमचा सेंटर फॉरवर्ड डोक्याने बॉल आत घालतो. तुमच्या शेजारी चौदा वर्षांचा मुलगा आहे. आजूबाजूला चारशे माणसं चिडीचूप आहेत. तो उडी मारणार की नाही, सांगा मला. पुढचं दृश्य म्हणजे दोन स्टुअर्ड, जिन्यावरून खाली, आणि मागून येणारे शब्द, जे त्याने शाळेत ऐकले असतील पण तुमच्यासमोर नाही.

वहिनींना सांगा, शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानात यावं म्हणून. तीनच्या मॅचला टीव्ही हा पर्याय नाही, रेडिओ आहे. पण त्यांचा मुद्दा पैशांचा असेल तर तो खरा आहे. दोघांचं वर्षाचं सीझन तिकीट ५०६ चं आणि एक शनिवार १२० चा, असे २३ शनिवार कुठल्याच घराला झेपत नाहीत. तुमच्या कागदावर बघा, ५८ तिकिटांचे आणि ४८ कोचचे. जवळपास तिकिटाइतकाच प्रवास खातोय. वर्षाला चार अवे मॅचेस ठरवा, दोन जवळच्या, एक लांबची, आणि एक मुलगा म्हणेल ती. ऑगस्टमध्ये वेळापत्रक समोर घेऊन तिघांनी बसून ठरवा. चौथ्या मॅचचा हिशेब मात्र लिहू नका.

तिकीट काढताना खांबाचं विचारा. नजर अडणाऱ्या जागा कुठल्या ते तिकीट ऑफिसला माहीत असतं, विचारलं तर सांगतात.

मुलाच्या १२ पौंडांचं काय झालं ते कळवा.

— ताई